गावातल्या एका आजीचं चरित्र कसं उभं करायचं

कुठलंही मराठी दैनिक घ्या आणि जिल्ह्याच्या पानावरचा ‘निधन वार्ता’चा रकाना वाचा. येथील रहिवासी श्रीमती अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले, त्या मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या, त्यांच्या पश्चात तीन मुले, दोन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. नाव बदललं की हाच मजकूर शेजारच्या गावातल्या दुसऱ्या कुणालाही चालतो. बातमी देणाऱ्याचा त्यात दोष नाही. त्याला चार ओळींची जागा असते आणि घरातलं कुणी त्या दिवशी धड बोलण्याच्या मनःस्थितीत नसतं. पण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जगलेल्या बाईबद्दल गावात लेखी उरतं ते एवढंच, आणि चौकातला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स.

याहून कितीतरी जास्त लिहून ठेवता येतं. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. एक वही, आवाज टिपणारा मोबाइल आणि साधारण वर्षभराचा धीर लागतो. आमच्या गावच्या एका सुईणबाईंबद्दल मी असं टिपण केलं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं. घरच्यांच्या इच्छेमुळे त्यांचं नाव इथे देत नाही, पण काम कसं चालतं हे सांगताना उदाहरणं त्यांचीच देते. निम्म्या गावाला पहिला हात लावलेली ही बाई, आणि तिच्याबद्दल एका जागी चार ओळीसुद्धा सापडत नव्हत्या. हे सोसवलं नाही म्हणून कामाला लागले.

सुरुवात कधी करायची, याचं उत्तर आपल्या रीतीनेच दिलेलं आहे. दहावा, तेरावा, महिन्याचं, वर्षश्राद्ध. या प्रत्येक वेळी एरवी न दिसणारी माणसं दारात येतात: माहेरचे भाचे, मुंबईचे पुतणे, लेकीच्या सासरची माणसं. तेराव्याला कुणाला मुलाखत मागू नये. त्या दिवशी फक्त कोण आलं, कुठल्या गावाहून, नातं काय आणि फोन नंबर, एवढंच वहीत उतरवावं. ही यादी पुढच्या सगळ्या कामाचा पाया असते, आणि ती दुसऱ्या कुठल्याही दिवशी मिळत नाही. मग दीड-दोन महिने थांबावं. दुःखाची पहिली धार ओसरली की माणसं आपणहून बोलू लागतात. वर्षश्राद्धाच्या आत कच्चा मजकूर हातात आला, तर तो तिथे वाचून दाखवता येतो.

उशीर करू नये, याला आणखी एक कारण आहे. श्राद्धात नाव घेऊन स्मरण होतं ते बाप, आजा आणि पणजा यांचं, तसंच आई, आजी आणि पणजीचं. चौथी पिढी गेली की नाव सुटतं. वर्षं सरतात तसं रीतीतलं नाव अस्पष्ट होत जातं आणि सांगणारी माणसंही जातात. आक्कांना लग्न होऊन गावात आलेलं ज्यांनी पाहिलं, अशा दोघीच उरल्या होत्या. त्यांतल्या एकीशी एकदाच बोलता आलं.

पहिला प्रश्न वयाचा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने ते बंधनकारक आहे, त्यामुळे दाखला बहुधा मिळतो. त्यावरची मृत्यूची तारीख भरवशाची धरा, वय मात्र धरू नका. त्या पिढीत शाळेत गेलेल्यांची जन्मतारीख फार वेळा १ जून निघते, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि पोर किती वर्षांचं दिसतंय ते पाहून गुरुजी तारीख घालायचे. शाळेत न गेलेल्यांच्या आधार कार्डावर बहुधा १ जानेवारी असते, कारण तिथे फक्त वर्ष सांगितलं गेलेलं असतं. म्हणून १ जून किंवा १ जानेवारी दिसली की ती तारीख कंसात टाकावी आणि शोध सुरू करावा.

तो शोध प्रसंगांवरून करायचा. म्हाताऱ्या माणसाला सन विचारला तर सांगता येत नाही, पण ‘तेव्हा काय चाललं होतं’ विचारलं की बिनचूक सांगता येतं. त्यासाठी प्रसंगांचा एक तक्ता आधी करून ठेवावा लागतो, आणि तो आपापल्या भागाचा हवा. साताऱ्याकडे १९४३पासूनचं पत्रीसरकार, १९४८ सालची गांधीवधानंतरची जाळपोळ, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १९७२चा दुष्काळ. पुण्यात १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तो दिवस. मराठवाड्यात रझाकारांचा काळ आणि सप्टेंबर १९४८मधली पोलीस कारवाई, मग ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप. कोकणातल्या आणि घाटावरच्या ज्या घरांतली माणसं गिरणीत होती, तिथे जानेवारी १९८२चा संप. गोव्यात १९ डिसेंबर १९६१. फारच म्हातारं कुणी असेल तर त्यांच्या आईवडिलांसाठी १९१८ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ.

आक्कांच्या धाकट्या बहिणीला मी वय विचारलं, तर तिने हात हलवून विषयच झटकला. मग विचारलं, पत्रीसरकारच्या वेळी आक्का केवढ्या होत्या? ती लगेच म्हणाली, परकर घालत होती, अजून लुगडं नेसत नव्हती, पण पाण्याचा हंडा तिला पेलायचा. आणि लग्न? जाळपोळ झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, मांडवाला तट्ट्या मिळत नव्हत्या. धाकटा मुलगा भूकंपाच्या वेळी पाळण्यात होता, हे तर घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक. तीन धागे एकत्र धरले की जन्म १९३५च्या आसपास, लग्न १९४८च्या उन्हाळ्यात, धाकट्याचा जन्म १९६७मध्ये, असा सांगाडा उभा राहतो. यात ‘च्या आसपास’ हे शब्द लिहायला लाजू नये, इतके ते महत्त्वाचे आहेत. खोटी अचूक तारीख लिहिण्यापेक्षा ‘पत्रीसरकारच्या वेळी परकरात होत्या’ हे वाक्य तसंच ठेवावं. ते जास्त खरं आहे आणि वाचणाऱ्याला पोरही दिसते.

तिथीचाही उपयोग होतो. घरातल्या जुन्या मृत्यूंची तारीख कुणाला आठवत नाही, पण श्राद्धाची तिथी पाठ असते. सवाष्ण गेलेली असेल तर अविधवा नवमीलाही तिची आठवण केलेली असते. तिथी माहीत आहे आणि वर्ष कागदावरून कळलं, तर जुन्या पंचांगावरून तारीख काढता येते. शक मिळाला तर त्यात ७८ मिळवावे (चैत्राच्या आधीचे शेवटचे महिने असतील तर ७९), मराठवाड्यातल्या जुन्या कागदावर फसली सन असेल तर सुमारे ५९०.

आता कागद. पुष्कळांना वाटतं की साध्या माणसाचे कागदच नसतात. कागद असतात. ते दुसऱ्याच कशासाठी तरी केलेले असल्यामुळे तिथे पाहायचं सुचत नाही, इतकंच.

जमीन असेल तर तलाठ्याकडचं दप्तर ही खाण आहे. सातबारा आपण सगळे पाहतो, पण सातबाऱ्यावर नावांच्या जवळ जे फेरफार क्रमांक असतात, त्यांतला एकेक उघडून वाचायला हवा. गाव नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही, आणि ६-क म्हणजे वारसांची. कुणी वारलं की त्यात मयताचं नाव, मृत्यूची तारीख, आणि विधवा, मुलगे, मुली असे वारस येतात. बायकांचा शोध घेणाऱ्याला यातला मुलींचा रकाना फार मोलाचा. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यावर बाप वारला की लेकींचीही नावं वारसांत येऊ लागली, बहुधा सासरच्या नावाने आणि सासरच्या गावासकट. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याची नोंद सापडते. हक्कसोड हा विषय वेगळा आणि दुखरा आहे, त्यात इथे शिरत नाही. पण माग काढणाऱ्याला त्या नोंदीत चार बहिणी कुठल्या कुठल्या गावात दिल्या ते एकगठ्ठा मिळतं. आक्कांच्या वडिलांच्या वारस नोंदीत त्यांचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं मधे ‘उर्फ’ घालून लिहिलेली होती. लग्नानंतर बदललेलं नाव आयुष्यभर वापरलं, माहेरचं नाव त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही माहीत नव्हतं. ते त्या ‘उर्फ’मुळे कळलं. थोरल्या लेकीने ते तीन-चारदा उच्चारून पाहिलं.

कुळाची जमीन असेल तर १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन लक्षात ठेवावा. त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं आणि पुढे त्या कायद्याच्या कलम ३२-गच्या चौकशीत किंमत ठरून कलम ३२-मचं प्रमाणपत्र मिळालं. या चौकशीच्या कागदांत कुळाचा आणि मालकाचा जबाब असतो. अडाणी म्हणून ज्याची नोंद आहे, त्या आजोबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आणि कारकुनाने लिहून घेतलेलं असं काही मिळण्याची ही एक दुर्मीळ जागा आहे. वतनाची जमीन असेल, तर १९५८च्या कनिष्ठ गाववतनं रद्द करण्याच्या कायद्यानंतरच्या नोंदी पाहाव्यात. आक्कांच्या सासरी अशीच तुकडाभर जमीन होती. जुने उतारे आता काही जिल्ह्यांपुरते ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही स्कॅन करून ठेवलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक वेळी तहसिलात खेटे घालावे लागत नाहीत.

जमीन नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या आकारणीची वही. त्यात घर कधी आणि कुणाच्या नावावर आलं, कुडाचं होतं की दगडमातीचं, ते कळतं. जुनं रेशन कार्ड, श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, गिरणी कामगाराचा बिल्ला आणि फंडाची स्लिप, फौजीच्या घरातलं डिस्चार्ज बुक, शाळेचं जनरल रजिस्टर: ज्या घरात जे असेल ते. ख्रिस्ती घर असेल तर वसईत काय किंवा गोव्यात काय, चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशा तिन्ही नोंदी मिळतात, आणि त्या बहुधा जास्त पद्धतशीर असतात.

खेड्यातल्या जुन्या जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक पाहावं. जुना गाव नमुना १४ तो हाच. त्यात पुष्कळदा मुलाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं, म्हणून बापाच्या नावावरून आणि अंदाजी वर्षावरून चाळत जावं लागतं. यांतली कितीतरी पानं मोडीत आहेत. २०२३मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हीच जुनी दप्तरं मोठ्या प्रमाणावर तपासली आणि स्कॅन झाली, आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ती पाहायला मिळतात. मोडी वाचणारं माणूस जवळपास नसेल तर पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. तिथे शिकलेली तरुण मुलं आता गावोगाव आहेत, आणि चहावर वाचून देतात.

याच्याही मागे जायचं असेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. अस्थी घेऊन किंवा कुंभाला गेलेल्या माणसाने तिथे आपलं, बापाचं, आज्याचं नाव सांगून सही केलेली किंवा अंगठा दिलेला असतो. शोधताना आडनावाबरोबर मूळ गाव सांगावं लागतं, आताचं राहतं गाव सांगून उपयोग होत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात, इतरत्र भाट. त्यांच्या वह्यांत वंशावळ मिळते, पण ती बहुधा पुरुषांची. आजीसाठी तिचा फारसा आधार नाही.

सुईणीच्या बाबतीत सरकारी कागद तर एक वेगळीच गोष्ट करतो. बाळाच्या जन्माची नोंद करताना जो अर्ज भरतात, त्यात प्रसूतीच्या वेळी मदत कोणाची झाली असा एक रकाना असतो: सरकारी दवाखाना, खाजगी दवाखाना, डॉक्टर-नर्स-प्रशिक्षित दाई, परंपरागत दाई, नातेवाईक. त्यापुढे खूण करायची. आक्कांचं सगळं आयुष्य त्या खुणेत आहे, नाव कुठेच नाही. म्हणून त्यांचं काम शोधायला मला सरकारी दप्तर सोडून घरात शिरावं लागलं.

घरात पहिल्यांदा पाहावीत ती भांडी. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालून देण्याची रीत आहे, आणि ती रीत म्हणजे बायकांचं दप्तर आहे असं मी आता मानते. पितळी असो की स्टीलची, काठाखाली किंवा बुडावर बारीक टिंबाटिंबांनी अक्षरं कोरलेली असतात: कुणाकडून, कुणास, निमित्त, तारीख. आक्कांची मांडणी त्यांच्या सुनेने मला उतरवू दिली. आम्ही एकेक तांब्या, डबा, परात उन्हात तिरपी धरून वाचली, कारण घासून घासून टिंबं बुजलेली होती, समोरून काही दिसत नव्हतं. एका पितळी डब्यावर ‘बारशानिमित्त’ आणि १९७९ साल. एका परातीवर दोन गावांपलीकडच्या घराण्याचं नाव. आक्का तिथपर्यंत जात होत्या, हे मुलांनाही माहीत नव्हतं. एका फुलपात्रावर कुणा मुलीचं नुसतं पहिलं नाव. ती मुलगी कोण हे विचारत गेले, तेव्हा कळलं की पायाळू जन्मली होती, आईची आशा सोडली होती, आणि मोठी झाल्यावर तिने स्वतःच्या पहिल्या पगारातून ते फुलपात्र आणून दिलं होतं. सगळी नावं वर्षांप्रमाणे लावली तर आक्कांच्या कामाचा नकाशाच तयार झाला. अक्षरं वाचेनात तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवावी, उमटतात.

तसंच आहेराच्या वहीचं. लग्नात कुणी काय दिलं हे लिहून ठेवतात, कारण ते परत फेडायचं असतं. गावातल्या तीन-चार घरांच्या जुन्या वह्या चाळल्या की गेलेलं माणूस कुणाच्या मांडवात होतं आणि त्याचा मान काय होता ते कळतं. आमच्याकडे बारशाला सुईणीला लुगडं-खण, नारळ आणि पदरात धान्य घालायचे. एका वहीत खर्चाच्या बाजूला ‘सुईण १ लुगडं’ असं सापडलं, शेजारी किंमत. लग्नपत्रिका जपून ठेवलेल्या असतील तर त्यांतली निमंत्रकांची लांबलचक यादी वाचावी. जुनी भिंतीवरची कॅलेंडरं कुणी ठेवली असतील तर नशीबच. कालनिर्णय १९७३ला निघालं, आणि तेव्हापासून कितीतरी घरांत दुधाच्या हिशोबाशेजारी ‘सुमन बाळंत झाली’ अशा नोंदी चौकटीत केलेल्या आहेत. फोटो मिळाले तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नावं लिहावीत, पेनची शाई पलीकडे उतरते.

गाणंही विसरू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारांवर गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे आहे, आणि त्याचं मोठेपण हे की ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. आपल्या आजीचं गाव त्यात आहे का, हे प्रत्येकाने एकदा शोधून पाहावं. नसेल तर तिच्या बरोबरीच्या बाईला विचारावं, ती जात्यावर काय म्हणायची. ओवीत माहेर, भाऊ, सासरचा जाच असं जे येतं, ते बोलण्यात येत नाही.

आता माणसं. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण कागद तारखा देतात आणि माणसं माणूस देतात. पण प्रश्न कसा विचारायचा हे शिकावं लागतं. ‘आक्का कशा होत्या?’ असं विचारलं की ‘देवमाणूस होत्या’ हेच उत्तर येतं आणि बोलणं संपतं. त्याऐवजी अगदी लहान, हाताने दाखवता येईल असं विचारावं. बोलावणं आलं की घरातून निघताना बरोबर काय घ्यायच्या? रात्री कंदील कोण धरायचं? घरात शिरल्यावर आधी कुणाशी बोलायच्या, बाळंतिणीशी की सासूशी? हे शेवटचं मी एका ऐंशीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ती आधी चुलीशी जायची. पाणी तापलंय का पाहायची, आणि सासूला त्या कामाला लावून खोलीतून बाहेर काढायची. एवढ्या एका उत्तरात आक्कांचं सगळं शहाणपण आलं.

बायकांना बायकांत विचारावं आणि शक्यतो एकटं गाठावं. मुलगा किंवा दीर समोर असला की उत्तरं तो देतो. उलट काही गोष्टी दोघी-तिघी एकत्र बसल्या तरच निघतात, एकीचं ऐकून दुसरीला आठवतं. मग आधी एकेकीला आणि नंतर एकत्र, असा क्रम बरा. आवाज टिपत असाल तर विचारून टिपा, सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणारीचं नाव मोठ्याने म्हणा, आणि मोबाइल पंख्यापासून लांब ठेवा. गप्प बसणं आलं तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मला मिळालेल्या चांगल्या गोष्टींतल्या निम्म्या अशा गप्प बसण्यानंतर आल्या. १९७२ची गोष्ट तशीच आली. दुष्काळी कामावर खडी फोडताना एक बाई अडली होती, चार बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला, आणि आक्कांनी तिथेच तिला मोकळी केली. त्या दिवशीची सुकडी चौघींनी आपापल्या वाट्यातून बाळंतिणीला दिली. हे सांगणारी बाई त्याआधी बराच वेळ नुसती मनगटावरची बांगडी फिरवत होती.

या कामात कुणाचा आदर्श घ्यायचा असेल तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या १९८९च्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकाचा घ्यावा. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या, आणि कुठल्याही इतिहासात नाव नसलेल्या बायकांना शोधत, घरोघर जाऊन, त्यांच्या तोंडून या दोघींनी तो भाग लिहून काढला. त्यातल्या कितीतरी जणी तेव्हाच उतारवयात होत्या. आणखी काही वर्षं गेली असती तर तो इतिहास त्यांच्याबरोबरच गेला असता.

दोन माणसं दोन गोष्टी सांगतात, तेव्हा काय करायचं? आक्कांच्या जाऊबाई म्हणाल्या, हे काम त्या सासूकडून शिकल्या. लेक म्हणाली, सासूने काही शिकवलं नाही, सासू आजारी पडली आणि एका रात्री आईलाच जावं लागलं. मी दोन्ही लिहिलं, कोण म्हणालं त्या नावानिशी. निवाडा करायची घाई करू नये. पुढे कुणाला तरी तिसरी गोष्ट माहीत असते.

काही गोष्टी मात्र विचारायलाच लागतात, कडू असल्या तरी. बाळंतिणीच्या खोलीत आक्कांचा हात हवा असायचा, पण एरवी त्यांना ओसरीच्या खाली बसवायचे आणि चहा वेगळ्या कपात द्यायचे. गावातले म्हातारे हे सांगताना अडखळत होते, कुणी विषय बदलला. लेकीने सरळ सांगितलं आणि ते कप कुठल्या कोनाड्यात असायचे तेही सांगितलं. हे वगळून आक्कांना ‘गावाची आई’ म्हणणारं गोड चरित्र लिहिलं असतं तर तो त्यांचा पुन्हा एकदा अपमान झाला असता. लेकीची परवानगी घेऊन ते तसंच लिहिलं आहे.

आणि काही गोष्टी लिहायच्या नाहीत. सुईणीच्या पोटात गावाची सगळी गुपितं असतात: कुणाचं मूल कसं झालं, कुणाचं झालं आणि राहिलं नाही, कोण पोर रात्री दुसऱ्या गावी नेली. बोलता बोलता दोन-तीन जणींनी मला अशा गोष्टी सांगितल्या. आक्कांनी त्या कुणाला सांगितल्या नव्हत्या, म्हणजे त्यांच्या चरित्रातही त्या येणार नाहीत. मी ध्वनिमुद्रणातला तो भाग पुसून टाकला. आत्महत्या, कर्ज, भाऊबंदकी यांबद्दलही असंच. जे गेलेल्याचं आहे ते लिहावं, जे दुसऱ्या जिवंत माणसाचं आहे ते त्याला विचारल्याशिवाय लिहू नये. जमिनीचे उतारे मागताना तर आधीच सांगून टाकावं की हे कशासाठी हवंय, नाहीतर घरात शंका सुरू होतात आणि दारं बंद होतात.

लिहायला बसलात की पहिल्या मसुद्यातून मनमिळाऊ, धार्मिक, कष्टाळू, दानशूर हे शब्द काढून टाका आणि प्रत्येकाच्या जागी एक प्रसंग घाला. गावाबाहेर जुना वीरगळ असेल तर तो नीट पाहा. तो खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत झुंज आणि पडलेला वीर, वरच्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं, तरी तो माणूस गायींसाठी लढला की गावासाठी हे शेकडो वर्षांनीही कळतं. आमच्या फ्लेक्सवर नाव ठळक असतं आणि केलेलं काहीच नसतं. लिखाणात दोन्ही आणता येतं. माणसाच्या बोलीतले शब्द तसेच ठेवा. आक्का ‘बाळंतपण केलं’ असं कधी म्हणायच्या नाहीत, ‘सोडवली’ म्हणायच्या, मी तेच लिहिलं. लेकी आणि सुनांची नावं नावानिशी घाला, ‘दोन मुली’ असं लिहून मोकळं होऊ नका. जे कळलं नाही तिथे जागा सोडा. आठ-दहा पानं पुरतात.

वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर तो मजकूर मोठ्याने वाचावा, आणि वाचताना हातात पेन ठेवावं. आक्कांचा वाचला तेव्हा तिसऱ्याच पानावर मागून एक आजोबा म्हणाले, कंदील नव्हता, बॅटरी होती, मीच धरायचो. मग दुसरं कुणी म्हणालं, बॅटरी नंतरची, आधी कंदीलच. या सगळ्या दुरुस्त्या समासात घेतल्या, कोणी केली त्या नावासकट. स्वच्छ प्रत काढून एक घरी दिली, एक त्यांच्या माहेरी, एक गावच्या वाचनालयात आणि एक शाळेत. शाळेच्या प्रतीला शेवटी दहा कोरी पानं लावलेली आहेत. पाचवी ते सातवीच्या पोरांना बाईंनी सांगितलं आहे की आपापल्या घरी विचारा, तुमच्या घरातलं कोण कोण आक्कांच्या हातचं, आणि त्यांची नावं इथे लिहा. पहिल्या दोन पानांवर जागा उरलेली नाही.